एका अखंड गाण्याचे आवडते तुकडे

जुन्या रॉक संगीताचे चार रसिक एकत्र जमले आणि बोलण्याच्या ओघात 'जेथ्रो टल' या ब्रिटिश बँडचे नाव निघाले, की थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास पुढे येतो: 'थिक ॲज अ ब्रिक'मधला तुमचा आवडता भाग कोणता? मग कोणी सुरुवातीची गिटार गुणगुणून दाखवतो, कोणी दुसऱ्या बाजूच्या मध्यावरच्या एका सकाळीच्या चित्राचा हवाला देतो, आणि वाद पेटतो. या वादात आम्हीही अनेकदा हिरिरीने भाग घेतला आहे. परंतु प्रश्नातच एक विसंगती दडलेली आहे, हे ध्यानात यायला आम्हाला बरीच वर्षे लागली. मार्च १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अल्बमला भाग असे नाहीतच. तबकडीच्या दोन्ही बाजूंवर मिळून सुमारे ४४ मिनिटांचे एकच गाणे आहे. थांबा एकच, आणि तोही संगीतकाराच्या इच्छेने आलेला नसून तबकडीच्या मापाने लादलेला. ज्या कृतीने स्वतःचे तुकडे पाडण्यास नकार दिला, तिचेच तुकडे पाडून रसिकांनी तिच्यावर ५० वर्षांहून अधिक काळ प्रेम केले. हे कसे घडले, कोणते तुकडे निवडले गेले आणि कोणते नाकारले गेले, याचा थोडा इतिहास येथे मांडावा असे योजिले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना या परक्या गाण्याशी काय कर्तव्य, अशी शंका कोणाला येईल. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न मुळात आपलाच आहे. आपले बहुतेक वाचन उताऱ्यांवर पोसलेले असते. पाठ्यपुस्तकात कादंबरीचे एखादे प्रकरण येते, महाकाव्यातला एखादा प्रसंग येतो, आणि पुढे आयुष्यभर ती कृती आपल्या मनात तेवढीच राहते. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांपैकी केवळ पसायदान मुखोद्गत असलेल्या माणसाला कोणी हसत नाही, आणि हसूही नये. आम्हीही कित्येक वर्षे त्यांतलेच होतो. पण पसायदान हे एक मोठे कार्य तडीस गेल्यावर मागितलेले दान आहे, ही जाणीव त्या सुट्या ओव्यांतून कितपत होते? उतारा कृतीची ओळख करून देतो, आणि त्याच वेळी ती ओळख तेथेच थांबवतोही. वर्गात शिकवताना ही अडचण आम्हाला रोज भेटते. म्हणून हे उदाहरण आम्हाला जवळचे वाटते.

आता मूळ कथा. जेथ्रो टल हे नाव अठराव्या शतकातल्या, यांत्रिक पाभर तयार करणाऱ्या एका इंग्रज शेतीसुधारकाचे. बँडचा कर्ता मात्र इयन अँडरसन. गाणारा, गीते लिहिणारा, एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा. त्यांचा 'ॲक्वालंग' हा अल्बम १९७१ मध्ये आला. त्याच्या एका बाजूवर रस्त्यावरच्या बेघर म्हाताऱ्यापासून सुरू होणारी व्यक्तिचित्रे होती, दुसऱ्या बाजूवर संघटित धर्मावरची टीका होती. एवढ्यावरून समीक्षकांनी त्याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणून घोषित केले. सर्व गाणी एका कथेने किंवा कल्पनेने बांधलेली असावीत, तबकडीला कादंबरीसारखी एकसंधता असावी, हा त्या काळातला बहुमानाचा प्रकार. अँडरसन यांना तो मान नको होता. ती निव्वळ सुटी गाणी आहेत, असे ते सांगत राहिले आणि त्यांचे कोणी ऐकेना. तेव्हा त्यांनी ठरवले, की हवाच असेल तर असा कन्सेप्ट अल्बम द्यावा की त्यापुढे सारे फिके पडावेत. थोडक्यात, 'थिक ॲज अ ब्रिक'चा जन्म टीकाकारांना वेडावण्यासाठी झाला. शीर्षकही त्याच वृत्तीचे. आपण ज्या मठ्ठ माणसाला 'दगड' म्हणतो, त्याला इंग्रज 'वीट' म्हणतात, इतकाच काय तो फरक.

थट्टेला साजेशी तयारी मात्र कसून केली गेली. गीते अँडरसन यांनी एकट्याने लिहिली नाहीत, तर जेरल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेवर संगीत रचले, असे सांगण्यात आले. हा मुलगा अर्थातच काल्पनिक. अल्बमचे वेष्टन म्हणजे 'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल' या तितक्याच काल्पनिक गावठी वृत्तपत्राचा १२ पानी अंक, दिनांक ७ जानेवारी १९७२. पहिल्याच पानावर बातमी अशी, की 'छोटा मिल्टन' म्हणून गाजलेल्या जेरल्डला मिळालेले काव्यस्पर्धेचे पारितोषिक रद्द झाले आहे. त्याने दूरचित्रवाणीवर एक अनुचित शब्द उच्चारला, तक्रारी आल्या, आणि बालमानसोपचारतज्ज्ञांच्या मताचा आधार घेऊन परीक्षकांनी निर्णय फिरवला. बक्षीस गेले एका १२ वर्षांच्या मुलीकडे, धार्मिक विषयावरच्या सोज्ज्वळ निबंधासाठी. आतल्या पानांवर शब्दकोडे, राशिभविष्य, क्रीडावृत्त, छोट्या जाहिराती, आणि या सगळ्यांत दडवलेले खुद्द याच अल्बमचे परीक्षण, तेही टोपणनावाने अँडरसन यांनीच लिहिलेले! वृत्तपत्र जुळवायला संगीत ध्वनिमुद्रित करण्यापेक्षा अधिक काळ लागला, असे ते पुढे सांगत असत. वाङ्मयीन पारितोषिके, परीक्षक आणि नैतिकतेचे रखवालदार यांची अशी टवाळी आपल्याकडच्या एखाद्या विनोदी लेखकाच्या हाती लागली असती तर तिचे त्याने सोने केले असते, असे आम्हाला नेहमी वाटते. काही रसिक तर, त्यांना आवडता भाग विचारला असता, हे वृत्तपत्र पुढे करतात. हे उत्तर नियमबाह्य असले तरी आम्ही ते ग्राह्य धरतो.

ध्वनिमुद्रण डिसेंबर १९७१ मध्ये लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत झाले. संगीत आधी संपूर्ण लिहून तयार नव्हते. तालमीच्या काळात अँडरसन सकाळी उठून पुढचा भाग रचीत, आणि दुपारी सहकाऱ्यांना तो शिकवीत. मार्टिन बार इलेक्ट्रिक गिटारवर, जॉन इव्हन पियानो, ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डवर, जेफ्री हॅमंड बेसवर, तर क्लाइव्ह बंकर यांच्या जागी नुकतेच आलेले बॅरीमोर बार्लो ड्रम्सवर. यांतले बार वगळता बाकीचे अँडरसन यांचे ब्लॅकपूलच्या दिवसांपासूनचे सोबती. रोज सकाळी नवा तुकडा आणि रोज दुपारी तो कालच्या तुकड्याला जोडण्याची खटपट, अशी ही रीत होती. येथे आम्हाला एक मौज दिसते. अखंड म्हणून मिरवणारे हे गाणे प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांनीच शिवलेले आहे. रसिकांनी पुढे त्याच्या शिवणी उसवल्या, तेव्हा त्यांनी काही अत्याचार केला असे नव्हे; शिवणी होत्याच. प्रश्न इतकाच, की कोणती शिवण कोणाच्या हाताला लागली.

त्या काळी लांबलचक रचना करणारा हा एकटाच बँड नव्हता. इमर्सन, लेक अँड पामर यांची २० मिनिटांची 'टार्कस' १९७१ मध्ये आली होती. 'येस'ची 'क्लोज टु दि एज' आणि 'जेनेसिस'ची 'सपर्स रेडी' त्याच १९७२ च्या उत्तरार्धात आल्या. परंतु या तिन्ही रचनांत वेष्टनावरच पोटभागांची नावे छापलेली होती. ऐकणाऱ्याच्या हाती अनुक्रमणिका होती म्हणा ना. 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये तशी सोय नाही. तेव्हा रसिकांनी स्वतःच नावे पाडली, आणि ती कशी, तर त्या त्या भागाच्या पहिल्या शब्दांवरून. आपल्याकडे अभंगाला शीर्षक नसते, त्याची ओळख पहिल्या चरणाने होते. तीच ही पद्धत. कोणी न सांगता दूरदेशीच्या श्रोत्यांनी ती उचलावी, याचे आम्हाला नवल वाटते आणि वाटतही नाही. ज्याला नाव नाही त्याला त्याच्या आरंभाने हाक मारणे हा स्मरणाचाच सोपा मार्ग असावा.

आता आवडीनिवडींकडे वळू. पहिला मान निर्विवादपणे पहिल्या तीन मिनिटांचा. एकट्या अकूस्टिक गिटारवर बोटांनी छेडलेली धून, तिला मधूनमधून बासरीचे उत्तर, आणि ऐकणाऱ्याची मुळीच मनधरणी न करणारा आवाज. हा भाग इतका देखणा आहे की ज्यांना उरलेली ४१ मिनिटे जड जातात त्यांनाही तो पाठ असतो. परंतु त्याच्या लोकप्रियतेमागे केवळ त्याचा देखणेपणा नाही. १९७६ मध्ये बँडच्या निवडक गाण्यांचा एक संग्रह निघाला, त्यात 'थिक ॲज अ ब्रिक'मधून उचलला तो नेमका हाच तुकडा, 'एडिट क्रमांक १' अशा कोरड्या नावाने. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या संग्रहात 'एडिट क्रमांक ४' आला. म्हणजे ज्या गाण्याला भाग नव्हते त्याच्या भागांना चक्क क्रमांक पडले. रेडिओला तीन-चार मिनिटांचे गाणे लागते, ही त्यामागची व्यवहाराची बाजू. एक संपूर्ण पिढी या तीन मिनिटांनाच ते गाणे समजत राहिली. पाठ्यपुस्तकातला उतारा निवडणाऱ्या समितीचे आणि संग्रह काढणाऱ्या कंपनीचे काम फारसे वेगळे नसते.

थोडे पुढे, कवी, चित्रकार आणि सैनिक यांना समोरासमोर उभे करणारा भाग येतो. लेखणी आणि तलवार यांचे जुनेच द्वंद्व. पण ऑर्गन आणि गिटार यांच्या चढाओढीत त्याला अशी काही धार येते की शब्दांचा जुनेपणा जाणवत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांचा कौल बहुधा या भागाला मिळतो, आणि त्याचे कारण उघड आहे: तेथे कवीचे नाव घेतलेले असते. आमचा स्वतःचा कलही अनेक वर्षे तिकडेच होता. आज विचार करता वाटते, की आम्हाला संगीतापेक्षा तो विषयच अधिक भावला असावा. यानंतरचा, बाप गेल्यावर मुलाने काय करावे याविषयीचा भाग वाद्यवादनाच्या चाहत्यांचा. जॉन इव्हन यांचा ऑर्गन येथे अक्षरशः धावतो. त्याला लागूनच, उच्चवर्गातून खाली उतरून इतरांना सुधारू पाहणाऱ्या माणसाचे उपहासचित्र येते. बापाची जागा घेणारा मुलगा अखेरीस बापासारखाच होतो, हे येथे फार मोठ्याने न सांगता सुचवले आहे.

पहिल्या बाजूच्या उत्तरार्धात लहानपणीच्या चित्रकथांतल्या वीरपुरुषांना मारलेली हाक आहे. सुपरमॅन आहे, रॉबिन आहे, इंग्रज मुलांच्या पुस्तकांतला वैमानिक बिगल्स आहे. गरजेच्या वेळी यांतला कोणीच कामाला आला नाही, अशी ती तक्रार. चाल मात्र मिरवणुकीची, उत्साहाची. शब्द निराश आणि सूर आनंदी, अशी ही जोडी फार थोड्या ठिकाणी साधते. अनेकांच्या मते अल्बमचा खरा कळस हाच, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी हाच भाग परत येतो तेव्हा प्रेक्षागृहात टाळ्या पडतात.

आमच्या एका अनुमानाची चर्चा येथेच करणे बरे. अल्बम विडंबन म्हणून जन्मला, हे कर्त्याचेच म्हणणे आहे. परंतु रसिकांनी निवडलेले तुकडे पाहिले तर त्यांत थट्टेचे तुकडे जवळजवळ नाहीत. सुरुवातीची धून, कवी आणि सैनिक, बाप आणि मुलगा, हरवलेले बालवीर, दुसऱ्या बाजूवरची ती सकाळ: या सर्व ठिकाणी विडंबन स्वतःला विसरले आहे. २४ वर्षांचा अँडरसन आठ वर्षांच्या मुलाचा मुखवटा चढवून टीकाकारांची खोडी काढायला बसतो, आणि मुखवट्याच्या आडून नकळत स्वतःच्या बालपणाविषयी, बापाविषयी, शाळेविषयी खरे बोलून जातो. ज्याने मुखवटा दिला त्यालाच तो बोलता करतो, हे नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. म्हणून 'हे सगळे गमतीने केले होते' या कर्त्याच्या विधानावर आम्ही पूर्ण विश्वास ठेवत नाही. रसिकांनीही ठेवला नाही. त्यांनी थट्टेला हसून घेतले आणि जवळ ठेवले ते मात्र तिच्यातले गंभीर तुकडे.

याचा उलटा पुरावाही आहे. १९७३ च्या 'अ पॅशन प्ले' या पुढच्या अल्बममध्ये मृत्यूनंतरच्या प्रवासावर पुन्हा एकसलग रचना केली गेली, आणि या वेळी मुखवटा जवळजवळ नव्हता. 'थिक ॲज अ ब्रिक'प्रमाणे तोही अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, पण समीक्षकांनी त्याला अक्षरशः झोडपले. त्यातही मधेच एक विनोदी प्राणिकथा घातलेली आहे, चष्मा हरवलेल्या सशाची. ती कथा आणि भोवतीचे गांभीर्य यांची सोयरीक काही केल्या जुळत नाही. पहिल्या अल्बममध्ये विनोद बाहेर, वेष्टनावर होता; त्याने आतल्या गांभीर्याला संरक्षण दिले. दुसऱ्यात तो आत शिरला आणि उपरा ठरला. हे आमचे मत. 'पॅशन प्ले'चे कट्टर चाहते यावर भांडतील, आणि त्यांची संख्या अगदीच कमी नाही.

मंचावर प्रकार वेगळाच होता. १९७२ च्या दौऱ्यात संपूर्ण रचना सादर होई आणि ती तासाच्या पुढे जाई. मधेच मंचावरचा टेलिफोन वाजे, वादन थांबवून तो उचलला जाई, बातम्या आणि हवामानाचा अंदाज वाचला जाई, ससा झालेला कोणी इकडून तिकडे जाई. म्हणजे वेष्टनावरचे वृत्तपत्र मंचावर उतरले होते. पण दौरे वाढले, नवे अल्बम आले, आणि खुद्द बँडलाच आवडते तुकडे निवडण्याची वेळ आली. १९७८ च्या 'बर्स्टिंग आउट' या मैफलींच्या अल्बममध्ये या ४४ मिनिटांची साधारण १२ मिनिटे उरली आहेत. त्यांत मुख्यतः पहिल्या बाजूतला मजकूर आहे, आणि मग शेवट. दुसरी बाजू जवळजवळ गळाली. कर्त्यानेच केलेला संक्षेप म्हटल्यावर त्याला एक अधिकृतपणा येतो, आणि पुढची कित्येक वर्षे मैफलीला येणाऱ्यांच्या लेखी गाणे तेवढेच राहिले.

त्यामुळे दुसऱ्या बाजूचे चाहते हे थोडे वेगळ्या जातीचे असतात. ते मैफलींतून किंवा रेडिओवरून आलेले नसतात. ते घरी बसून तबकडी पालटणारे असतात. पहिली बाजू तुटक आघातांनी आणि वाऱ्याच्या आवाजाने विरत जाते, दुसरी त्याच वाऱ्यातून सुरू होते. ज्याने उठून तबकडी उलटी केली त्यालाच हा वारा दोन्हीकडे ऐकू येतो. पुढे ती सकाळ येते: जवळजवळ कुजबुजल्यासारखे, शांत, अकूस्टिक गाणे, झोप आणि जाग यांच्या सीमेवरचे. रचनेतला सर्वांत नाजूक भाग कोणता, असे विचारले तर आज आम्ही याकडे बोट दाखवू.

आणि नाकारलेला भाग? दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीलाच, पहिल्या बाजूवरचा एक विषय परत येऊन मोडतो. ड्रम्सचा एकल कल्लोळ, वाद्यांची वाट चुकल्यासारखी धडपड, त्यात जेफ्री हॅमंड यांच्या बोलण्याचे तुकडे. यावर कोणी आवडता भाग म्हणून शिक्का मारल्याचे आमच्या तरी ऐकण्यात नाही. बहुतेक जण येथे सुई उचलून पुढे ठेवत. आम्हीही ठेवत असू, हे कबूल केले पाहिजे. परंतु वर्गात एकदा आम्ही दुसरी बाजू दोन प्रकारे ऐकवून पाहिली: आधी हा गोंधळ गाळून, मग तो ठेवून. पहिल्या वेळी सकाळीचे गाणे मुलांना 'छान' वाटले. दुसऱ्या वेळी एक विद्यार्थिनी म्हणाली, की आता ते गाणे सुटका झाल्यासारखे वाटते. पहिल्या बाजूवर जन्मलेला मुलगा येथे पुरुष होऊन परत येतो, असे शब्द सांगतात. मग मोठे होण्याची ही जागा गोंगाटाची आणि फुटक्या बोलण्याची असावी यात काय आश्चर्य? कोणाच्याही निवडीत न बसणारा हा भाग काढला तर इतरांच्या निवडी फिक्या पडतात. उतारे निवडताना आम्ही हे किती वेळा विसरलो असू, याचा हिशेब न केलेलाच बरा.

शेवटाचेही तसेच. अखेरीस सगळा वाद्यमेळ ओसरतो, सुरुवातीची गिटार परत येते, मठ्ठ कोण आणि शहाणे कोण हा आरंभीचाच प्रश्न पुन्हा उच्चारला जातो आणि गाणे थांबते. 'एडिट क्रमांक १' ऐकणाऱ्याला हे शब्द एका मजेदार गाण्याचे पालुपद वाटतात. ४४ मिनिटे चालून आलेल्याला ते तसे वाटत नाहीत. तो आता मुलाच्या बाजूचा आहे की त्याचे पारितोषिक काढून घेणाऱ्यांच्या बाजूचा, हे त्याला स्वतःला नीटसे ठरवता येत नाही.

२०१२ मध्ये, बरोबर ४० वर्षांनी, अँडरसन यांनी 'थिक ॲज अ ब्रिक २' काढला. जेरल्ड बॉस्टॉकचे पुढे काय झाले असते, याच्या अनेक शक्यता त्यात आहेत: बँकेतला अधिकारी, बेघर माणूस, सैनिक, गायकवृंदातला मुलगा, अगदी साधा दुकानदार. कल्पना आम्हाला आवडली. वृत्तपत्राची जागा संकेतस्थळाने घेतली, हेही काळाला धरून झाले. पण एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. या अल्बमला भाग आहेत, प्रत्येक भागाला शीर्षक आहे, श्रोत्याने काही शिवण उसवण्याची गरज नाही. त्याच वर्षीच्या दौऱ्यात मात्र जुनी रचना पुन्हा संपूर्ण वाजवली गेली. काही ओळी गायला आणि अभिनय करायला रायन ओडॉनेल हा तरुण नट सोबत होता. आइसलँडमधल्या प्रयोगाचे चित्रण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ज्यांना दुसरी बाजू कधीच मंचावर दिसली नव्हती त्यांनी ते अवश्य पाहावे.

आमचा स्वतःचा या गाण्याशी परिचय मात्र तबकडीवर झालाच नाही, ना संग्रहात, ना मैफलीत. ऐंशीच्या दशकात परदेशी तबकड्या आमच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. कोणाच्या तरी तबकडीवरून कॅसेटवर उतरवून घेणे हाच राजमार्ग. ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटे बसतात. उतरवून देणाऱ्या मित्राने तबकडी पालटताना कॅसेट क्षणभर थांबवली होती, इतकेच. त्यामुळे आमच्याकडे पहिली बाजू आणि दुसरी बाजू असा भेदच नव्हता. वाऱ्यातून वारा निघाला होता. जो एकमेव थांबा तंत्राने लादला होता तो एका दुसऱ्या, स्वस्त तंत्राने पुसून टाकला होता, आणि सुई उचलून पुढे ठेवण्याची सोयही नव्हती. फीत पुढे पळवताना नेमकी जागा कधीच सापडत नसे, म्हणून त्या ड्रम्सच्या कल्लोळातून मुकाट्याने जावे लागे. वेष्टनावर वृत्तपत्र नव्हते, फक्त निळ्या शाईने लिहिलेले नाव होते, तेही चुकीच्या स्पेलिंगचे. जेरल्ड बॉस्टॉक कोण, हे आम्हाला पुढे दहाएक वर्षांनी कळले. गाणे संपल्यावर त्या बाजूवर मिनिटभर कोरी फीत उरे. उठून बंद करण्याचे कोणाच्या मनात येत नसे; तिची खरखर ऐकत आम्ही बसून राहत असू, आणि मग यंत्राचे बटण आपोआप वर येई.